टिमोथी इव्हान्सची कबुली

"आरोपीने स्वतःच्या तोंडाने कबूल केले, मग आणखी पुरावा कशाला?" असे आपण सर्रास ऐकतो. न केलेला खून माणूस अंगावर घेईलच कसा? तो कसा घेतो हे पाहायला, श्रोतेहो, आपल्याला लंडनला जावे लागेल.

टिमोथी इव्हान्स हा मूळचा वेल्सचा, व्हॅनचा ड्रायव्हर, जेमतेम अक्षरओळख असलेला. १०, रिलिंग्टन प्लेस या घराच्या वरच्या मजल्यावर तो बायको-मुलीसह राही. तळमजल्यावर जॉन ख्रिस्ती. ३० नोव्हेंबर १९४९ रोजी इव्हान्स आपण होऊन वेल्समधल्या पोलिसांकडे गेला आणि बायकोचे प्रेत गटारात टाकले म्हणाला. गटाराचे झाकण उचलायला तीन पोलीस लागले, आणि आत काहीच नव्हते! मग त्याने ख्रिस्तीचे नाव घेतले. २ डिसेंबरला परसातल्या धुण्याच्या खोलीत मायलेकींची प्रेते सापडली. पोलिसांनी दोघींचे कपडे आणि गळ्याला आवळलेला टाय इव्हान्सपुढे मांडला, आणि त्याने दोन्ही खून कबूल केले.

कबुलीतला तपशील जुळला म्हणून ती खरी ठरली. पण तो तपशील त्याला आधी दाखवलेलाच होता! खऱ्या कबुलीतून पोलिसांना ठाऊक नसलेले काहीतरी हाती लागते; इथे त्यांचेच त्यांना परत मिळाले. पोलीस खाली नेऊन मारतील असे वाटले, हे इव्हान्सने कोर्टात सांगितले. ही भीती माझ्या ओळखीची आहे. खात्याच्या चौकशीत तासन्‌तास बसवलेला कामगार "कुठे सही करू ते सांगा, पण घरी जाऊ द्या" म्हणतो, तेव्हा त्याला उद्याची नोकरी दिसत नसते, फक्त दार दिसत असते.

त्या दिवसांत घराची दुरुस्ती चालू होती. धुण्याच्या खोलीत प्रेते नव्हती, असे कामगारांनी प्रथम सांगितले होते. ते ज्यूरीपुढे आलेच नाही. आला तो ख्रिस्ती, युद्धकाळात पोलिसात नोकरी केलेला, सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार!

गंमत अशी की, १८७२ च्या पुरावा कायद्यात पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असे इंग्रजांनीच हिंदुस्थानसाठी लिहिले. ते २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही राहिले. स्वतःच्या देशात मात्र त्यांचा आपल्या पोलिसांवर भरवसा होता.

९ मार्च १९५० रोजी इव्हान्स फासावर गेला. १९५३ मध्ये त्याच घरात आणखी स्त्रियांची प्रेते निघाली. इव्हान्सच्या बायकोलाही आपणच मारले, असे ख्रिस्तीने सांगितले. त्यालाही फाशी झाली. तरी त्याच वर्षीच्या सरकारी चौकशीने इव्हान्सलाच दोषी ठरवले. त्याला माफी मिळाली १९६६ मध्ये.