२०२१ मधील भारतातील चक्रीवादळे

२०२१ या वर्षी उत्तर हिंदी महासागरात पाच चक्रीवादळांचे नामकरण झाले : तौक्ते, यास, गुलाब, शाहीन आणि जवाद. यांपैकी एकाही वादळाने महाराष्ट्राचा किनारा ओलांडला नाही. तरीही तौक्ते व गुलाब या दोन वादळांनी राज्यात जीवित व वित्त यांची मोठी हानी केली. तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले, तर गुलाब पूर्व किनाऱ्यावरून येऊन क्षीण अवस्थेत मराठवाड्यापर्यंत पोहोचले.

नामकरण

वाऱ्याचा वेग ताशी ६२ किमी किंवा त्याहून अधिक झाल्यावर भारतीय हवामान विभाग वादळाला नाव देतो. ही नावे १३ देशांनी सुचविलेल्या, २०२० मध्ये जाहीर झालेल्या १६९ नावांच्या यादीतून क्रमाने घेतली जातात. 'तौक्ते' हे नाव म्यानमारने सुचविले असून त्याचा अर्थ पालीची एक जात असा आहे.

तौक्ते

मे महिन्याच्या मध्यास लक्षद्वीपजवळ निर्माण झालेले हे वादळ केरळ, कर्नाटक, गोवा व कोकण यांच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले. १७ मे रोजी मुंबईत कुलाबा येथे वाऱ्याचा वेग ताशी ११४ किमीपर्यंत गेला. सांताक्रूझ येथे २४ तासांत सुमारे २३० मिमी पाऊस झाला. कोविडची दुसरी लाट सुरू असल्याने मुंबई महानगरपालिकेने तात्पुरत्या कोविड केंद्रांतील सुमारे ५८० रुग्ण आधीच अन्यत्र हलविले होते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ऐन हंगामातील हापूस आंब्याची हानी झाली.

सर्वांत मोठी जीवितहानी भर समुद्रात झाली. तेलक्षेत्रातील कामगारांच्या निवासासाठी वापरला जाणारा 'पी-३०५' हा तराफा नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. 'वरप्रदा' ही नौकाही बुडाली. दोहोंवर मिळून २७४ जण होते. नौदलाच्या 'कोची', 'कोलकाता' आदी जहाजांनी १८८ जणांना वाचविले. ८६ जण मृत्युमुखी पडले. त्याच रात्री वादळाने गुजरातमध्ये दीव-उना परिसरात किनारा ओलांडला. तेथे आंबा व नारळाच्या बागा उन्मळून पडल्या.

यास

२६ मे रोजी यास ओडिशात धामरा व बालासोर यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. त्या दिवशी पौर्णिमा असल्याने समुद्राला उधाण होते. वादळाच्या लाटा व भरती एकत्र आल्याने पश्चिम बंगालमधील सुंदरबन भागात बांध फुटून खारे पाणी शेतांत व तळ्यांत शिरले.

गुलाब आणि शाहीन

२६ सप्टेंबर रोजी गुलाबने आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनारा ओलांडला. जमिनीवर त्याचा जोर ओसरून कमी दाबाचे क्षेत्र उरले. परंतु बाष्पाचा साठा कायम होता. परिणामी २७ व २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली आणि काढणीस आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. पुढे हेच क्षेत्र अरबी समुद्रात पोहोचून पुन्हा बळावले. मूळ वादळ विरून गेले असल्याने त्यास 'शाहीन' हे नवे नाव मिळाले. ३ ऑक्टोबर रोजी ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकले.

जवाद

डिसेंबरच्या आरंभी बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले जवाद ओडिशाच्या किनाऱ्याजवळ येईपर्यंत क्षीण झाले.

महत्त्व

वादळ कोठे किनारा ओलांडते, एवढ्यावरून त्याच्या हानीचा अंदाज येत नाही, हे या वर्षाने दाखविले. तौक्तेचे केंद्र समुद्रात असतानाच कोकणातील बागांची हानी झाली आणि खोल समुद्रातील कामगारांचे जीव गेले. गुलाबची झळ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या शेतकऱ्यांना, वाऱ्याऐवजी पावसाच्या रूपाने बसली. म्हणूनच चक्रीवादळाचा इशारा किनारपट्टीपुरता मर्यादित न मानता, वादळ विरल्यानंतरच्या पावसाच्या अंदाजाकडेही अंतर्गत जिल्ह्यांनी लक्ष देणे आवश्यक ठरते.