पाना टेकला, ठिणगी उडाली... आता गाडीत नेमकं काय गेलं ते कसं शोधायचं?

मुलुंड/बोरिवली : शहापूर, मुरबाड, वाडा, वसई या भागातून भाजीपाला घेऊन मध्यरात्री निघालेले छोटे हत्ती आणि पिकअप पहाटेपर्यंत मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या बाजारात पोचावे लागतात. उशीर झाला की मेथी-कोथिंबिरीचा भाव उतरतो. गाडी पंक्चर झाली तर स्टेपनी असते, पण वायरिंगने दगा दिला तर ड्रायव्हर हतबल होतो. अशा वेळी 'फ्यूज उडतोय, मोठा टाक' असा सल्ला देणारा कोणीतरी हमखास भेटतो. गाड्या जळतात त्या याच सल्ल्याने. म्हणून शॉर्ट झाल्यावर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने तपासायचं, याची ही माहिती.

आधी माझीच चूक सांगतो. अल्टरनेटरच्या (आपल्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात) मागची जाड वायर ढिली वाटली म्हणून घरून निघताना पाना लावला. बॅटरी सोडवली नव्हती. पान्याचं दुसरं टोक इंजिनला टेकलं, मोठी ठिणगी उडाली. गाडीला सेल्फ मारला तर लगेच चालू झाली, हेडलाइट लागला. मी म्हटलं, वाचलो. बॅटरीचा लाल दिवा मिणमिणत होता, त्याकडे दुर्लक्ष केलं. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे हेडलाइट पिवळा पडला आणि गाडी बंद. एकाने बॅटरी गेली म्हणून सांगितलं, दुसरी चार्ज बॅटरी लावून दिली. तीही तासाभरात उतरली. बॅटरीचा काही दोष नव्हता. अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामधला मेन फ्यूज उडाला होता, त्यामुळे गाडी फक्त साठवलेल्या करंटवर चालत होती. फ्यूज स्वस्तातला, पण माल वाया गेला आणि भाडं डोक्यावर बसलं.

यातून क्रम लक्षात ठेवा. ठिणगी उडाली की आधी चावी बंद करा आणि बॅटरीचा मायनस काढा. मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो, पण मायनस आधीच सुटलेला असेल तर काही होत नाही. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ बिडी, काडी नको. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा.

मग मल्टीमीटर घ्या. साधा मीटर चालतो. इंजिन बंद असताना, गाडी थोडा वेळ उभी राहिल्यावर, चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.0 दाखवली तर ती जवळपास रिकामी समजा. इंजिन चालू केल्यावर बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 यायला पाहिजे. 12 च्या घरात राहून हळूहळू खाली उतरत असेल तर चार्जिंग होत नाही. आता इंजिन बंद करून अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर मीटर लावा. तिथे बॅटरीइतकाच व्होल्टेज दिसला पाहिजे. शून्य आला तर मधला फ्यूज किंवा फ्यूज वायर गेली. माझ्या बाबतीत हेच होतं, दोन मिनिटांत कळलं असतं.

आता लहान फ्यूज. पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: लाल 10 अँपिअर, निळा 15, पिवळा 20, पांढरा पारदर्शक 25, हिरवा 30. नुसत्या डोळ्याने बघू नका, बारीक तडा दिसत नाही. चावी ऑन करून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही टोकांना मीटर लावा. एका बाजूला 12 आणि दुसऱ्या बाजूला शून्य म्हणजे फ्यूज उडालाय. तोच आकडा असलेला नवा टाका. 10 च्या जागी 30 टाकला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली, तर फ्यूज टिकेल, पण फ्यूजऐवजी वायर तापेल. वायर असते डॅशबोर्डच्या आत, फोम आणि प्लास्टिकच्या मधून जाणारी.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर शॉर्ट अजून आहे. फ्यूजमागून फ्यूज जाळण्यापेक्षा इंडिकेटरचा जुना 21 वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन वायरी काढा आणि फ्यूजच्या जागी जोडा. या बल्बमधून जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअर जातो, त्यामुळे शॉर्ट असला तरी वायर जळत नाही, बल्ब फक्त पूर्ण उजेडाने पेटतो. आधी त्या लाइनवरचे दिवे सॉकेटमधून काढून ठेवा, नाहीतर त्यांच्यामुळेही बल्ब पेटेल. बटण बंद असताना बल्ब पेटला तर बिघाड बटणाच्या आधी, बटण चालू केल्यावरच पेटला तर बटणाच्या पुढे. मग एकेक कनेक्टर सोडत जा, वायरिंग हलवत जा. ज्या क्षणी बल्ब विझला, तिथेच दोष. हा बल्ब एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला, इंजिनच्या कॉम्प्युटरच्या म्हणजे ईसीयूच्या वायरीला लावायचा नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी जाड केबलला तर हातही लावायचा नाही, त्यात माणूस मारण्याइतका व्होल्टेज असतो.

आपल्या मालवाहू गाड्यांत दोष बहुतेक ठरलेल्या जागी सापडतो. ट्रॉलीखालून टेललॅम्पकडे जाणारी वायर चेसीच्या पट्टीला घासते. दरवाजाच्या बिजागरीजवळची वायर उघडझाप होऊन तुटते. नंतर बसवलेला हॉर्न, टेप, जादा लाइट यांची वायर थेट बॅटरीवरून ओढलेली असते, फ्यूजशिवाय. आणि उंदीर. धान्याची, भाजीची गाडी म्हटल्यावर उंदीर आलाच.

जंप स्टार्ट करताना चिमटे उलटे लागले तर मार मोठा असतो. मेन फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड, टेप, क्वचित ईसीयू. डायोड गेला असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते, आणि सकाळी थंड इंजिनवर अल्टरनेटर मात्र हाताला कोमट लागतो. ही जुन्या मिस्त्रींची खूण खरी आहे. बरोबर पद्धत अशी: लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा काळा उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या मोकळ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

'ईसीयू उडाला' हे निदान कोणी लगेच सांगितलं तर थांबा. त्याचा फ्यूज, मेन रिले आणि अर्थिंग हे तीन आधी तपासून घ्या. रिले तपासायला त्याच नंबरचा हॉर्नचा रिले अदलाबदल करून बघता येतो.

गोराई, मनोरीकडच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. खाऱ्या हवेने अर्थिंगच्या बोल्टवर हिरवा-पांढरा थर चढतो. इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट पण फडफडतो, ब्रेक दाबला की दुसराच दिवा मंद होतो. शॉर्ट वाटतं, पण तो कच्चा अर्थ असतो. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बोल्ट खोलून पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावून आवळा.

पावसाचंही सांगायला हवं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरात असंख्य गाड्या बुडाल्या. अंधेरी सबवेत आजही पाणी भरतं. बुडालेल्या गाडीला 'बघू चालू होते का' म्हणून चावी लावू नका. ओल्या कनेक्टरमध्ये करंट गेला की पिना जागच्या जागी खातात. मायनस काढा, टो करून न्या, कनेक्टर खोलून सुकवा. गाळाच्या पाण्याचा गंज काही आठवड्यांनी डोकं वर काढतो, म्हणून महिनाभराने पुन्हा तपासणी करा.

विम्याचंही समजून घ्या. गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत आग आणि आपोआप पेटणं धरलेलं असतं, पण निव्वळ इलेक्ट्रिकल बिघाड धरलेला नसतो. म्हणजे जळालेला अल्टरनेटर तुमच्या खिशातून. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आगीचेही पैसे नाहीत. बाहेरून वायरिंग केलं असेल तर त्याचं बिल जपून ठेवा, सर्व्हेअर विचारतो.

धूर दिसला तर गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, माणसं उतरवा आणि 101 ला फोन करा. बॉनेट एकदम उघडू नका, हवा मिळून आग भडकते. सीटखाली एक पावडरचा सिलिंडर, दहाचा पाना, मीटर, तो 21 वॅटचा बल्ब आणि प्रत्येक रंगाचे दोन फ्यूज एवढं सामान एका डब्यात मावतं. माझ्या गाडीत आता तो डबा असतो.