श्वानांची भूल आणि तिचा उतारा

गोंदिया जिल्ह्यातील केशोरी येथील एखादा भटका कुत्रा निर्बीजीकरणासाठी धरला, तर भूल देऊनच शस्त्रक्रिया करावी आणि पुढे त्यास पकडल्या जागीच सोडावे, असा दंडक आहे. २००१ च्या केंद्रीय नियमांनी घातलेली ही रीत २०२३ च्या नियमांनी कायम ठेविली. म्हणून येथे प्रश्न केवळ निजविण्याचा नाही, उठविण्याचाही आहे.

मराठीत भूल ‘उतरते’. विष, ताप आणि नशा यांनाही हेच क्रियापद लागते. विषावर जे द्यावयाचे तो ‘उतारा’. भाषेत ही जोडी सहज जुळते. श्वानवैद्यकात मात्र तिचे दुसरे पद दीर्घकाळ रिक्त होते.

१६५६ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे ख्रिस्तोफर रेन याने कुत्र्याच्या मागील पायाच्या शिरेत अफूचा द्राव सोडला. कुत्रा तत्काळ गुंगला. चाबकाने हाकीत त्यास बागेत फिरवून जागे ठेवावे लागले. पुढे तो पुष्ट झाला आणि प्रसिद्धी पावल्यामुळे चोरीस गेला, असे रॉबर्ट बॉइलने नमूद केले आहे. विसाव्या शतकात पेंटोबार्बिटल आले. तथापि त्यालाही विशिष्ट उतारा नव्हता. यकृत औषधाचा निचरा करीपर्यंत कुत्र्यास ऊब द्यावी आणि श्वासावर लक्ष ठेवावे, एवढेच वैद्याच्या हाती असे.

१९६२ मध्ये जर्मनीत झायलाझीन आणि अमेरिकेत केटामीन सिद्ध झाले. झायलाझीन मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकांना चिकटते, तेथून त्यास हुसकून लावणारी द्रव्ये म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील एका वृक्षाच्या सालीतील योहिम्बीन आणि १९८० नंतरच्या दशकात फिनलंडमध्ये विकसित झालेले ॲटिपॅमेझोल. यांच्या योगे कुत्रा काही मिनिटांत उठू शकतो.

परंतु हा उतारा अर्धाच होय. केटामीनला असा उतारा नाही. झायलाझीनचा प्रभाव अवेळी काढला, तर उरलेल्या केटामीनमुळे अंग ताठते, झटकेही येतात. शिवाय झायलाझीनने होणारे वेदनाशमनही नाहीसे होते. यास्तव उठलेला कुत्रा सावध झालाच, असे समजणे धोक्याचे ठरते.

नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये स्थापन झाले. केशोरी तेथून दूर आहे. अशा गावी झोकांड्या खाणारा कुत्रा रस्त्यावर सोडला, तर वाहनापासून वा इतर कुत्र्यांपासून तो स्वतःचा बचाव करू शकणार नाही. औषधाने वेळ वाचविला. पहारा मात्र वाचविला नाही.