मोडलेला हात : बंध आणि शस्त्र

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेच्या अध्यायात, हाड ओढून, दाबून, जागी बसवून बांधण्याचा क्रम सांगितला असून, वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली व वेळूच्या कामट्या यांची तजवीज फर्माविलेली आहे. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिरावत नाही आणि फार आवळल्यास सूज व पाक होतो, सबब तो थंडीत सातव्या, समशीतोष्ण ऋतूत पाचव्या व उष्णकाळी तिसऱ्या दिवशी सोडून पुन्हा बांधावा, इतका बारीक तपशील तेथे आहे. परंतु त्या अध्यायात मला सर्वांत मोलाचे वाटते ते तळहाताविषयीचे वचन : रोग्याने प्रथम शेणाचा गोळा धरावा, मग मातीचा, आणि हातात बळ आल्यावर दगड. हाड सांधले तरी मूठ वळेपर्यंत वैद्याची जबाबदारी संपत नाही, ही जाण त्यात आहे. बांधावे की चिरावे या अर्वाचीन वादाचा खरा निवाडाही, माझ्या मते, याच कसोटीवर व्हावयास हवा.

डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली मनगटालगतच्या अस्थिभंगाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा क्ष-किरण नव्हते, भूल नव्हती, आणि त्वचा फाडून हाड बाहेर आलेल्या अवयवाचा शेवट पुष्कळदा अवयवच्छेदात होई. मनगट जन्मभर वाकडे राहिले तरी कालांतराने वेदना शमते व हालचाल परत येते, असे त्यांनी नोंदविले. पुढे १८५२ साली डच लष्करी वैद्य मॅथायसन यांनी प्लॅस्टरच्या पट्ट्यांची कृती प्रसिद्ध केली आणि बंधाला बळकटी आली. शल्यवैद्य लिस्टर यांच्या जंतुनाशनाने चिरण्याचे भय ओसरले. मात्र वादाला धार चढली ती क्ष-किरणांमुळे. डिसेंबर १८९५ मध्ये त्या किरणांचे शोधक राँटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, आणि तोवर बोटांनी चाचपून कळणारे वाकडेपण डोळ्यांना दिसू लागले. दिसणारे प्रत्येक वाकडेपण दुरुस्त केलेच पाहिजे, असा आग्रह धरणे किती अयोग्य आहे, हे इन्सब्रुक येथील वैद्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेवरून कळते : मनगट मोडलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या रोग्यांत धातूची पट्टी व स्क्रू बसविलेल्यांची हाडे छायाचित्रात अधिक सरळ दिसली, मुठीचे बळही काहीसे अधिक भरले, पण वर्षअखेर वेदना व हालचाल यांत प्लॅस्टरवाल्यांशी लक्षणीय फरक उरला नाही.

अंगठ्याच्या मुळाशी मात्र गोष्ट पालटते. डब्लिनच्याच एडवर्ड बेनेट यांनी १८८२ साली वर्णिलेल्या भग्नात चीर थेट सांध्यात उतरते. लहान तुकडा अस्थिबंधाने जागच्या जागी धरलेला राहतो, तर उरलेले हाड अंगठा बाजूला नेणाऱ्या स्नायूच्या ओढीने निसटते. बाहेरून ओढून ते बसविता येते, परंतु सूज उतरताच बंध सैलावतो, स्नायू आपला अंमल पुन्हा गाजवितो आणि सांध्याच्या पृष्ठभागात पायरी राहते. येथे कॉलिस यांच्या दिलाशावर विसंबणे मला उचित वाटत नाही. शल्यवैद्य किर्शनर यांनी १९०९ साली हाड ताणून धरण्यासाठी योजिलेली बारीक तार अशा वेळी उपयोगी पडते : हाड बाहेरूनच बसवून ती त्वचेतून आरपार घालतात, म्हणजे चीर न देताही स्नायूच्या ओढीला अटकाव होतो, आणि काही आठवड्यांनी ती काढून अंगठा हलता करतात. एवढे करूनही पायरी उरत असेल, तर सांधा उघडून तुकडा प्रत्यक्ष पाहूनच बसवावा लागतो.