दुष्काळाचा प्रश्न आणि शासनाचे लक्ष : सातारा-सांगलीतील पाणी चळवळींचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : लोकशाहीतही जनतेच्या हालअपेष्टा आपोआप शासनाचा विषय होत नाहीत. प्रश्नाची मांडणी कशी होते, यावर शासनाचे लक्ष व उपाय दोन्ही अवलंबून असतात. साताऱ्यातील माण, खटाव आणि सांगलीतील आटपाडी, खानापूर, जत या पर्जन्यछायेतील तालुक्यांचा इतिहास याची साक्ष देतो.

विवेचन : १९७२ च्या दुष्काळात प्रश्न प्रामुख्याने रोजगाराचा मानला गेला. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमीस १९७७ मध्ये कायद्याचे रूप लाभले. हातांना काम मिळाले. शेतीच्या पाण्याचा प्रश्न उरलाच. १९८० च्या दशकात मुक्तिसंघर्ष चळवळीने दुष्काळ हा केवळ निसर्गाचा कोप नसून पाणीवाटपाचा प्रश्न आहे, अशी मांडणी केली. येरळा नदीवर लोकांनी उभारलेले बळीराजा धरण हे तिचे मूर्त रूप. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास पाण्याचा हक्क हे त्याचे तत्त्व होय. १९९३ पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णा पाणीतंटा लवादाचा निवाडा ३१ मे २००० नंतर फेरविचारास खुला होणार असल्याने वाट्याचे पाणी अडविण्याची निकडही निर्माण झाली. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू उपसा सिंचन योजनेस मान्यता मिळाली.

निष्कर्ष : लोकांची नवी मांडणी आणि लवादाची मुदत यांचा मेळ बसला, तेव्हा शासन हलले. तथापि, मान्यतेनंतर पाणी आटपाडीपर्यंत पोहोचण्यास दशकाहून अधिक काळ गेला. शासनाचे लक्ष वेधण्याइतकेच ते टिकविणेही महत्त्वाचे ठरते.