लोकचर्चा आणि राज्यभाषा : सौंसर-पांढुर्ण्याचा प्रश्न

लोकशाहीचा विचार करताना आपले लक्ष बहुधा मतपेटीकडे जाते. जर्मन तत्त्वचिंतक युर्गेन हाबरमास यांनी 1962 सालच्या आपल्या ग्रंथात ते मतपेटीच्या अलीकडे वळविले. कॉफीगृहे, नियतकालिके, वाचकमंडळे यांतून सामान्य नागरिक राज्यकारभाराची चिकित्सा करू लागले आणि सत्तेला आपल्या निर्णयांची कारणे सांगणे भाग पडले, असे त्यांचे प्रतिपादन. या चर्चेतून स्त्रिया व श्रमिक वगळले गेले होते, हा त्यावरील आक्षेप रास्तच आहे. आम्हांस मात्र येथे निराळा प्रश्न विचारावयाचा आहे: चर्चा करणाऱ्यांची आणि निर्णय घेणाऱ्यांची भाषा एक नसेल तर?

1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. जय कोणाचा झाला, हे तूर्त बाजूला ठेवू. राज्यकर्त्यांचे धर्मबंधू असूनही मिशनऱ्यांना श्रोत्यांच्या भाषेत यावे लागले, हे महत्त्वाचे. 1842 पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदया’नेही तीच वाट धरली होती.

सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी भाषकांच्या वाट्याला याच्या उलट स्थिती आली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती व राज्यव्यवहारात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेकडील हा मराठी पट्टाही त्याबरोबर राहिला. राजधानी भोपाळ झाली, राजभाषा हिंदी. पांढुर्ण्याचा लोहमार्ग पूर्वीप्रमाणेच नागपुरास जातो. तक्रारीचा कागद मात्र दुसऱ्या दिशेने जाऊ लागला.

राज्य पुनर्रचना आयोगाने सीमा आखताना सर्वसाधारणपणे जिल्हा हेच एकक मानले, हे या प्रश्नाचे मर्म होय. तहसिलीतील बहुसंख्य भाषा जिल्ह्याच्या बेरजेत अल्पसंख्य ठरते. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350-क आला आणि मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले. गाऱ्हाणे मांडण्याची मुभा अनुच्छेद 350 अन्वये आधीपासूनच होती. उत्तर कोणत्या भाषेत यावे, याविषयी तो मौन बाळगतो. बोलण्याची मोकळीक असली तरी उत्तर आपल्या भाषेत नसेल, तर त्यास संवाद म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

2023 साली पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. यामुळे कचेरी जवळ आली, एवढेच बहुधा बोलले जाते. परंतु राज्यातील अल्पसंख्य भाषा एखाद्या जिल्ह्यात सत्तर टक्के वा अधिक लोकांची असल्यास तिला तेथील कारभारात स्थान द्यावे, हे सूत्र केंद्र सरकारच्या 1956 च्या निवेदनातच आहे. ज्या एककामुळे ही भाषा बुडाली, तेच आता बदलले आहे. जनगणनेचे भाषावार आकडे तहसीलनिहाय मिळतात. दोन तहसिलींची बेरीज करून ते सूत्र येथे लागू पडते किंवा कसे, हे नव्या जिल्हाकचेरीस विचारता येईल. तो अर्ज मराठीत लिहावा.