खाण वर, शेत खाली



सोन्याची खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोलार उभे राहते: जमिनीच्या पोटातील अंधार आणि त्यात उतरणारे मजूर. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील मॅलॅकॉफ डिगिन्स येथे मी गेलो तेव्हा ही कल्पना मला प्रथम सोडून द्यावी लागली. तेथे खाली उतरावयाचे काही नाही. आभाळाखाली उघडी पडलेली एक प्रचंड दरी आहे. तिची लांबी सुमारे ७,००० फूट आणि रुंदी सुमारे ३,००० फूट असून काही ठिकाणी तिची खोली ६०० फुटांच्या घरात जाते. पांढरे, पिवळे, तांबूस कडे उन्हात झळाळत असतात. तळाशी आता झाडी वाढली आहे. दृश्य सुंदर आहे, हे कबूल केले पाहिजे. आणि ते निसर्गाने घडविलेले नाही, हे लगेच पुढे सांगितले पाहिजे.

१८४८ च्या जानेवारीत कोलोमा येथे सोने सापडले. प्रारंभी माणसे ओढ्यांतील वाळू घमेल्यात घोळवून सोने वेचीत. ते लवकरच सरले. उरले ते प्राचीन नद्यांच्या गोट्या-वाळूच्या थरांत, डोंगरांच्या अंगात विखुरलेले. एक घनयार्ड माती धुवावी तेव्हा काही सेंटांचे सोने हाती लागे. हा व्यवहार हाताने परवडणारा नव्हता. १८५३ च्या सुमारास नेवाडा सिटीजवळ पाण्याच्या जोरदार झोताने डोंगरच पाडण्याची युक्ती निघाली. पुढे या कामी तोफेसारख्या लोखंडी नळ्या आल्या. त्यांना 'मॉनिटर' म्हणत. पडलेला चिखल लाकडी पन्हळींतून वाहवीत, पन्हळीत पारा घालून सोने धरून ठेवीत, आणि बाकी सारा गाळ नदीला अर्पण करीत.

नॉर्थ ब्लूमफील्ड ग्रॅव्हल मायनिंग कंपनी १८६६ साली स्थापन झाली. तिने डोंगरांतील जलाशयांपासून कित्येक मैलांचे पाट आणले आणि गाळ यूबा नदीत सोडण्यासाठी खडकातून सुमारे दीड मैलांचा बोगदा १८७४ मध्ये पुरा केला. १८७८ साली या परिसरातील जलाशय आणि खाणी सुमारे साठ मैलांच्या दूरध्वनीच्या तारेने जोडल्या गेल्या. जगातील अशा आरंभीच्या तारांत तिची गणना होते. कर्तबगारी म्हणाल तर डोळे दिपविणारी होती. तिची किंमत मात्र कंपनीच्या जमाखर्चात कोठेच नव्हती. ती खाली, सपाटीवरच्या शेतकऱ्याच्या नावे पडत होती.

यूबेचे पात्र गाळाने इतके भरले की मेरीसव्हिल गावाच्या रस्त्यांपेक्षा ते उंच झाले. गावाने बांध घातले, नदी चढली, गावाने बांध वाढविले. १८७५ च्या जानेवारीत बांध फुटला आणि गावात पाण्याबरोबर चिखल शिरला. नदीकाठच्या फळबागा आणि गव्हाची शेते वाळूखाली गेली.

१८८२ साली मेरीसव्हिल येथे मालमत्ता असलेल्या एडवर्ड्स वुडरफ यांनी कंपनीवर दावा लावला. न्यायमूर्ती लोरेंझो सॉयर यांनी ७ जानेवारी १८८४ रोजी निकाल दिला. हे सॉयर स्वतः १८५० साली सोन्याच्या लोटात कॅलिफोर्नियात आलेले. खाणवाल्यांची भाषा त्यांना परकी नव्हती. खाणी बंद करा, असे त्यांनी म्हटले नाही. गाळ नदीत सोडू नका, एवढेच म्हटले. पण गाळ नदीत सोडल्यावाचून तो धंदा चालतच नव्हता! दुसऱ्याच्या शेतावर उभा असलेला नफा शेत वजा करताच नाहीसा झाला. भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १९१७ च्या आपल्या अहवालात हिशेब मांडला: या पद्धतीने नद्यांत लोटलेला गाळ पनामा कालव्यासाठी उपसलेल्या मातीच्या जवळजवळ आठपट होता.

आपल्या गोव्यात हे ऐकताना डिचोली-सत्तरीच्या शेतांत पावसाबरोबर उतरलेली खाणींची लाल माती कोणाला आठवणार नाही? येथेही सर्वोच्च न्यायालयाला २०१२ साली उत्खनन थांबवावे लागले. खाणीवर ज्यांची चूल पेटत होती त्यांचे हाल आपण पाहिले आहेत. नॉर्थ ब्लूमफील्डचेही तेच झाले. निकालानंतर गाव हळूहळू ओस पडले.

हे ओस गाव आज उद्यानात जपले आहे. दुकान, प्रार्थनामंदिर, शाळा, सारे पाहावयास मिळते. रस्त्याकडेला एक मॉनिटर ठेवला आहे. मुले त्यावर हात फिरवून छायाचित्रे काढून घेतात. माझी तक्रार एवढीच की, हरलेल्या पक्षाचे असे देखणे स्मारक डोंगरावर आहे, आणि ज्यांच्या बागा बुडाल्या त्यांच्या आठवणीसाठी प्रवाशाला मुद्दाम वाट वाकडी करून खाली मेरीसव्हिलच्या बांधापर्यंत जावे लागते. मी गेलो. बांध उंच आहे, त्यावर गवत आहे, आणि पलीकडे यूबा शांतपणे वाहते.

वर, त्या दरीतून निघणाऱ्या हंबग ओढ्याचे पाणी जोराचा पाऊस झाला की आजही गढूळ होऊन यूबेकडे जाते. खाणवाल्यांचा पारा अद्याप तिथल्या गाळात सापडतो.